काडतूस कोणाच्या हिशेबात? खानदेश, शस्त्रपरवाना आणि आपण



ॲट्रॉसिटीच्या केसेस चालवणारे माझे एक वकील मित्र आहेत. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडच्या कोर्टांत त्यांची सारखी ये-जा असते. धमक्या वाढल्या तेव्हा त्यांनी शस्त्रपरवान्यासाठी अर्ज केला. चौकशी झाली, जबाब झाले, परवाना मिळाला आणि .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर घरी आलं. पहिल्यांदा सरावाला जाताना ते मला सोबत घेऊन गेले. गाडीत बसताच त्यांनी अहिराणीत विचारलं, "दादा, गोळी कोनती लेवानी?"

मी समाजशास्त्राचा विद्यार्थी, मला गोळ्यांतलं काय कळणार! उत्तर रेंजवरच्या उस्तादांनी दिलं. ते फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. ते म्हणाले, "साहेब, निवड फार नाही. परवान्यावर जो बोअर लिहिलाय, त्याचीच गोळी. .३२ मध्ये पण रिव्हॉल्व्हरची वेगळी आणि पिस्तुलाची वेगळी. आकडा तोच दिसतो म्हणून एकाची दुसऱ्यात घालायची नाही. किती घ्यायच्या तेही परवान्यावर लिहिलेलं आहे. एका वेळी किती, वर्षाला किती."

मग सराव सुरू झाला. कानाला मफ लावले. नळी कायम लक्ष्याकडे ठेवायची आणि नेम बसेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, एवढे दोन नियम उस्तादांनी दहादा सांगितले. पहिल्या सहा गोळ्यांपैकी दोनच कागदाला लागल्या, त्याही खाली डावीकडे. आवाजाच्या आणि झटक्याच्या भीतीने माणूस आधीच ट्रिगर हिसकतो, नवख्याचं असंच होतं, असं उस्ताद म्हणाले. शेवटी रिकाम्या पुंगळ्या मोजल्या गेल्या आणि वहीत नोंद झाली. परत येताना वकीलसाहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रिव्हॉल्व्हर माझं आहे, पण त्यातली एकही गोळी माझ्या मर्जीची नाही."

या वाक्यात दोनशे वर्षांचा इतिहास आहे. या देशात कोणाच्या हाती कोणतं शस्त्र असावं आणि त्यात किती गोळ्या असाव्यात, हे शस्त्र धरणाऱ्याने कधी ठरवलेलं नाही. ते सत्तेने ठरवलं, आणि ठरवताना जात पाहिली.

काठी आमची, बंदूक त्यांची

गावगाड्यात गावाची राखण महाराकडे होती. चोराचा माग काढणं, सरकारी वसुलीच्या पैशाबरोबर चालत जाणं, रात्रीची गस्त घालणं ही सगळी जोखमीची कामं त्याची. हातात काय? घुंगराची काठी. राखणदार महार होता, पण हत्यार पाटला-देशमुखांच्या वाड्यात. मरण्याची जबाबदारी एकाकडे आणि हत्याराचा मान दुसऱ्याकडे, ही वाटणी इंग्रज यायच्या आधीपासूनची आहे.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्ल त्यांना जुमानत नव्हते. तेव्हा १८२५ साली लेफ्टनंट जेम्स औट्रम याने 'भिल्ल कोअर' उभी केली. सुरुवात अवघ्या मूठभर भिल्लांपासून झाली. जळगाव जिल्ह्यातलं धरणगाव हे या पलटणीचं ठाणं होतं. इंग्रजी पुस्तकांत हे औट्रमचं मोठेपण म्हणून सांगतात. आपण ते वेगळ्या बाजूने वाचलं पाहिजे. भिल्लांच्या हाती सरकारी बंदूक आली ती भिल्लांचाच बंदोबस्त करण्यासाठी. बंदूक कंपनीची, दारूगोळा कंपनीचा, नेम कोणावर धरायचा तेही कंपनी सांगणार.

ज्यांनी तो नेम फिरवला त्यांचं काय झालं? खाज्या नाईक हे सेंधव्याच्या घाटात इंग्रजांसाठी राखणीची नोकरी केलेले. १८५७ मध्ये ते उठले, भीमा नाईक उठले. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीच्या लढाईत भिल्ल स्त्री-पुरुष फौजेशी लढले. पकडलेल्या भिल्लांना तिथेच गोळ्या घातल्या गेल्या. खानदेशातल्या शाळेत हा धडा किती मुलांना शिकवला जातो, ते तुम्हीच सांगा.

काडतूस आणि जात

१८५७ म्हटलं की चरबीचं काडतूस आठवतं. त्या काडतुसाची गोष्ट जातीपासून सुरू होते, हे मात्र गाळलं जातं. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमच्या छावणीत एका खालच्या मानलेल्या जातीच्या खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितलं. शिपायाने विटाळ होईल म्हणून नकार दिला. तेव्हा तो खलाशी म्हणाला की, लवकरच गाई-डुकराच्या चरबीची काडतुसं दाताने तोडावी लागतील, मग तुमची जात कुठे राहणार? हा प्रसंग इंग्रज अधिकाऱ्याच्या अहवालातही आला आहे. लोकस्मृतीत त्या खलाशाचं नाव मातादीन. ज्याने लोट्याचा हिशेब काडतुसावर चुकता केला, त्याला इतिहासाने एका ओळीपुरतं ठेवलं.

उठाव मोडल्यावर जनतेला निःशस्त्र करण्याचे कायदे आले आणि १८७८ साली लॉर्ड लिटनचा शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना मात्र सूट. कूर्गच्या कोडवांनाही सूट होती, कारण ती राजनिष्ठ जमात ठरली होती. म्हणजे कायदा एक आणि त्याला माणसं दोन प्रकारची. राष्ट्रीय चळवळीने या कायद्याला गोऱ्या-काळ्यातला भेद म्हणून झोडपलं, ते बरोबरच होतं. पण परवाना ज्या शिफारशीवर मिळायचा ती शिफारस गावात कोण करायचं? पाटील, मामलेदार, फौजदार. वरची भिंत वंशाची होती, खालची जातीची. आपल्याला दोन्ही ओलांडायच्या होत्या.

दिली, काढली, पुन्हा दिली

सैन्यातही तेच झालं. १ जानेवारी १८१८ च्या भीमा-कोरेगावच्या स्तंभावर बावीस महार सैनिकांची नावं आहेत. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. अशा घरांतून शिक्षण आलं, शिस्त आली, पेन्शन आली. मग लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या सेनापतींनी 'लढाऊ जाती' आणि 'बिगरलढाऊ जाती' अशी वाटणी केली आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. पराक्रम कमी पडला म्हणून नव्हे, तर उच्चवर्णीय शिपायांशेजारी अस्पृश्य नको म्हणून.

गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा मागणी केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये ती मोडली. दुसरं महायुद्ध आलं. बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पुढे ती मशीनगन रेजिमेंट झाली. आजही तिच्या चिन्हावर दोन मशीनगन आहेत. गरज लागली की बंदूक हाती द्यायची, गरज सरली की काढून घ्यायची, हा खेळ बाबासाहेबांनी नीट ओळखला होता. म्हणून त्यांनी कृपा मागितली नाही. कायमची रेजिमेंट, कायमची नोकरी आणि कायमचा दर्जा मागितला.

घटना समितीत बाबासाहेब काय म्हणाले

१९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला होता. डिसेंबर १९४८ मध्ये एच. व्ही. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांचा मुद्दा असा होता की, आजच्या परिस्थितीत नागरिकाच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा त्याच्या कर्तव्यावर भर द्यायला हवा. शासनाची काहीच आडकाठी नसताना प्रत्येक जण बाजारात जाऊन शस्त्रं विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालणार कसा?

काही मित्रांना हे खटकतं. पीडितांनी निःशस्त्र राहायचं का, असं ते विचारतात. मला वाटतं बाबासाहेबांचा हिशेब अगदी व्यवहारी होता. बाजार खुला झाला तर आधी शस्त्र कोण घेणार? ज्याच्याकडे जमीन आहे, पैसा आहे, ज्याच्या घरात आधीपासून बंदूक आहे तो. वस्तीतला शेतमजूर सर्वांत शेवटी. खुल्या शस्त्रबाजारात आपण कायम मागेच राहिलो असतो.

विसरलेला नियम

पण म्हणून हा विषय तिथे संपत नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ साली नियम आले. त्यातला नियम ३ प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. राज्य शासनाने अत्याचारप्रवण क्षेत्र ओळखायचं. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी तिथे जाऊन आढावा घ्यायचा. गरज वाटल्यास त्या भागातल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रं सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा शस्त्रं जप्त करायची. आणि जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना परवाने द्यायचे.

लक्षात घ्या, दीडशे वर्षांत पहिल्यांदा कायद्याने उलटी दिशा धरली. आधी अत्याचार करू शकणाऱ्याची बंदूक काढा, मग गरज असेल तर पीडिताला द्या. हा क्रमही महत्त्वाचा आहे. जळगाव आणि धुळ्यात परवाना देणारे जिल्हादंडाधिकारी, आणि नियम १७ प्रमाणे जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीचे अध्यक्षही तेच. ही समिती तीन महिन्यांतून एकदा बसली पाहिजे. एकाच टेबलावर दोन्ही फाईली आहेत. त्या एकत्र ठेवा, असं आपण कधी लेखी मागितलं का?

कट्ट्याचा सापळा

आता कडू बोलतो. आपल्या वस्त्यांतल्या काही पोरांच्या मोबाइलमध्ये गावठी कट्ट्याबरोबरचे फोटो आहेत. चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशातलं उमर्टी आहे, तिथून कट्टे येतात हे वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. ते घडवणारे शिकलगार हे पिढ्यान् पिढ्या हत्यारं बनवणारे कारागीर. कायद्याने त्यांचा धंदा गुन्हा ठरवला आणि दुसरा धंदा दिला नाही, हेही विसरू नका. पण विकत घेणाऱ्या आपल्या पोराचं काय होतं? एक कट्टा, दोन जिवंत काडतुसं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांची शिक्षा. शिक्षा झाली की सरकारी नोकरी हुकली, परवान्याचा रस्ता बंद, घरचे कोर्टाच्या पायऱ्यांवर. ज्या व्यवस्थेविरुद्ध तो कट्टा घेतला, तिच्याच हाती त्याने स्वतःची मान दिली.

आणि कट्टा कोणाला वाचवतो? जून २०१८ मध्ये जामनेर तालुक्यातल्या वाकडीत विहिरीत पोहले म्हणून मातंग मुलांना विवस्त्र करून मारलं. त्या मुलांच्या खिशात पिस्तूल असतं तर ती वाचली असती, असं कोणी शहाणा माणूस म्हणेल का? तिथे गरज होती ती आधीच झालेल्या आढाव्याची, वेळेवर नोंदलेल्या एफआयआरची, आणि विहिरीवरच्या मालकीचा माज उतरवणाऱ्या कायद्याच्या वचकाची.

विरोधाभास बघा. भुसावळजवळ वरणगावला १९६० च्या दशकापासून दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे. सैन्याच्या रायफलींच्या गोळ्या तिथे बनतात. राखीव जागांमुळे आपल्या समाजातले हातही तिथे लागले, त्या पगारावर घरं उभी राहिली, मुली शिकल्या. खानदेशात बंदुकीच्या गोळीने आपलं सर्वांत जास्त भलं केलं असेल तर ते तिथे, नोकरीच्या रूपाने.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याला आले ते कोर्टाच्या कामासाठी. त्याची आठवण म्हणून दरवर्षी त्या दिवशी आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो. माझे वकील मित्रही येतात. यंदा माझी एक सूचना आहे. येताना आपल्या तालुक्यातल्या मागच्या अत्याचारांची यादी आणा. तिथेच बसून नियम ३ आणि नियम १७ खाली दोन अर्ज लिहू, एक जळगावसाठी आणि एक धुळ्यासाठी. किती क्षेत्रं ओळखली, किती परवाने तपासले, किती बैठका झाल्या, एवढंच विचारायचं. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार आहे, त्यापुढे उच्च न्यायालय आहे.

ज्याला खरोखर जीविताचा धोका आहे, त्याने परवाना जरूर मागावा. तो त्याचा कायदेशीर मार्ग आहे, आणि अर्ज भरायला मी सोबत येईन. पण प्रत्येक गोळीचा हिशेब आपल्याकडून मागणाऱ्या शासनाला, त्याने न वापरलेल्या नियमाचा हिशेब आपण मागितलाच पाहिजे.

जय भीम. नमो बुद्धाय.