खुकरी आणि तिचे म्यान

मुंबई-पुण्याच्या जुन्या वस्त्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या कानांत रात्रीच्या गुरख्याची शिट्टी आणि फरशीवर आपटणारी त्याची काठी अजून घुमत असेल. त्याच्या कमरेला पुष्कळदा काळ्या कातडी म्यानात एक वाकडे हत्यार असे, आणि त्या हत्याराविषयी मुलांमध्ये एक समजूत दृढ झालेली असे : खुकरी एकदा म्यानाबाहेर निघाली की रक्ताची चव घेतल्यावाचून ती परत आत जात नाही. ही समजूत इंग्रज लेखकांनीही जगभर पसरविली. परंतु जेथे खुकरी घरोघर असते, त्या नेपाळच्या डोंगराळ मुलखात ती दिवसातून पन्नास वेळा म्यानाबाहेर येते. तिने बांबू फोडावयाचे, जळण तोडावयाचे, रानातली वाट मोकळी करावयाची, शिकार साधली तर मांस कापावयाचे आणि घरी परतल्यावर भाजीही चिरावयाची. दर वेळी तिला रक्त द्यावयाचे म्हटले, तर संध्याकाळपर्यंत घरात कोणाचे बोट शाबूत राहिले नसते.

१७९३ साली नेपाळात गेलेल्या कर्कपॅट्रिक ह्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या प्रवासाचा वृत्तान्त लिहिला. तो १८११ साली प्रसिद्ध झाला. त्यातही प्रत्येक नेपाळी माणसाच्या कमरेला असणाऱ्या ह्या सुऱ्याचा मुख्य उपयोग त्याने सांगितला आहे तो लहान झाडे आणि फांद्या तोडण्याचा. खुकरी रणांगणावर गाजली ती नंतर. मुळात ती शेतकऱ्याची, गुराख्याची आणि शिकाऱ्याची सोबतीण होय.

तिचा उगम कोठे, ह्याविषयी विद्वानांत एकमत नाही. शिकंदराच्या सैनिकांजवळ असलेल्या ग्रीक वक्र तलवारीशी कोणी तिचे नाते जोडतात, तर कोणी ती डोंगरी विळ्या-कोयत्यांच्या कुळातली मानतात. काठमांडूच्या राष्ट्रीय संग्रहालयात गोरखा राज्याचा संस्थापक द्रव्य शाह ह्याची म्हणून एक खुकरी ठेवलेली आहे. द्रव्य शाहाने १५५९ साली गोरख्याची गादी मिळविली. म्हणजे ही परंपरा खरी मानली, तर आज ओळखीचा असलेला हा आकार साडेचारशे वर्षांहून जुना ठरतो. ह्याच घराण्यातील पृथ्वीनारायण शाह १७४३ साली गादीवर आला. पुढच्या पंचवीस-सव्वीस वर्षांत त्याने काठमांडूचे खोरे जिंकले आणि डोंगरातली विखुरलेली लहान लहान राज्ये एका छत्राखाली आणण्याचे कार्य सुरू केले. त्याच्या सैन्याबरोबर खुकरीही दूरदूर पोचली.

राजांची नावे इतिहासाने जपली. परंतु हे हत्यार घडविणारे हात कोणाचे होते, हे फारसे कोणी विचारीत नाही. त्या हातांची हकीकतच येथे सांगावयाची आहे.

खुकरीचे पाते घडवितो तो कामी आणि तिचे म्यान शिवतो तो सार्की. कामी म्हणजे आपल्याकडचा लोहार आणि सार्की म्हणजे चर्मकार, असे ढोबळपणे म्हणता येईल. नेपाळी भाषेत लोहाराच्या शाळेला ‘आरन’ म्हणतात. हा शब्द ऐकताच आपल्याला आपली ऐरण आठवते. पूर्वी रामेछाप भागातल्या ठोसे येथील खाणींचे लोखंड हत्यारांसाठी वापरीत. विसाव्या शतकात मोटारी आणि मालवाहू गाड्या आल्या, आणि त्यांच्या जुन्या कमानपाट्यांचे पोलाद लोहाराच्या हाती पडले. खडबडीत रस्त्यांचे धक्के वर्षानुवर्षे सोसूनही जे पोलाद मोडत नाही, ते पात्याला उत्तम, हे त्याने अनुभवानेच जाणले. आजही भोजपूर आणि धरान ह्या भागांतील अनेक कारागीर हेच पोलाद वापरतात.

कमानपाट्याचा तुकडा लोणारी कोळशाच्या भट्टीत लालभडक झाला की एक जण तो सांडशीने ऐरणीवर धरतो आणि समोरचे एक-दोघे आळीपाळीने घण घालतात. धरणारा हा मुख्य कारागीर. तो बोलत नाही. तुकडा किंचित फिरवून तो घाव कोठे पडावा ते सुचवितो. हळूहळू पात्याला लांबी येते आणि मग ते पुढच्या बाजूस खाली वाकविले जाते. पात्याची पाठ जाड ठेवतात, आणि वाकापासून पुढे त्याचे पोट रुंद करतात. ह्यामुळे हत्याराचे वजन टोकाकडे सरकते आणि मनगटाच्या थोड्याशा हिसड्याने कुऱ्हाडीसारखा घाव बसतो. मुठीसकट ह्या हत्याराची लांबी सामान्यतः सोळा-अठरा इंचच असते. एवढ्यात कुऱ्हाड, कोयता आणि सुरी ह्या तिन्हींचे काम साधणे, हे ह्या आकाराचे मर्म आहे. मुठीजवळ, धार जेथे सुरू होते तेथे, एक लहानशी खाच असते. तिला ‘कौडी’ म्हणतात. ती शिवाच्या त्रिशूळाची खूण आहे असे कोणी सांगतात, कोणी तिला गाईच्या खुराचे चिन्ह मानतात, तर पात्यावरून ओघळणारे रक्त मुठीवर येऊ नये म्हणून ती केलेली आहे असेही कोणी म्हणतात. एका खाचेला इतके अर्थ चिकटावेत, ह्यावरूनच लोकांच्या मनात ह्या हत्याराचे स्थान काय आहे ते कळते.

आकार आला तरी पात्याला अजून प्राण आलेला नसतो. तो येतो पाणी दिल्यावर. आपण मराठीत पात्याला ‘पाणी देणे’ म्हणतो, आणि नेपाळीतही ह्या क्रियेला ‘पाइन’ असाच पाण्याशी नाते सांगणारा शब्द आहे. तलवारीचे पाते पुष्कळ ठिकाणी तापवून सबंध पाण्यात किंवा तेलात बुडवितात. कामी तसे करीत नाही. तापलेले पाते आडवे धरून तो बारीक तोटीच्या किटलीने फक्त धारेवरून पाण्याची धार फिरवितो, मुठीकडून टोकाकडे आणि टोकाकडून मुठीकडे. धार थंड होऊन कठीण बनते. पाठ मात्र गरम राहते आणि सावकाश निवते, म्हणून ती चिवट होते. पाठीत उरलेली उष्णता परत धारेकडे येऊन तिचा फाजील ठिसूळपणाही कमी करते. पाणी जास्त झाले तर धार काचेसारखी तडकेल, कमी झाले तर पहिल्याच ओंडक्यावर ती वळेल. हा सारा निवाडा पोलादाच्या पालटत्या रंगावरून काही क्षणांत करावयाचा असतो. मापाला कोणतेही यंत्र नसते, असतो तो फक्त डोळा आणि बापाने शिकविलेली नजर.

त्यानंतर कानस आणि सहाण ह्यांची पाळी. मूठ शिसवीची किंवा म्हशीच्या शिंगाची करतात. पात्याची शेपटी मुठीत लाखेच्या साहाय्याने पक्की बसवितात, आणि मग ही खुकरी सार्कीच्या हाती जाते.

म्यान शिवणे हे दुय्यम काम आहे, असे पाहणाऱ्यास वाटते. पण खुकरीचे म्यान सरळ सुरीच्या म्यानाहून पुष्कळ अवघड आहे. पाते वाकडे, आणि त्यातही त्याचे पोट गळ्यापेक्षा रुंद. म्यानाचे तोंड इतके मोकळे हवे की पोट त्यातून सुखाने जावे, आणि आतली पकड इतकी घट्ट हवी की उतारावरून धावताना हत्यार निसटू नये. ह्यासाठी हलक्या लाकडाच्या दोन फळ्या पात्याच्या मापाने आतून कोरून एकमेकींस जोडतात. त्यांच्यावर म्हशीचे किंवा बकऱ्याचे कमावलेले कातडे ओले असतानाच ताणून बसवितात, आणि मागच्या बाजूने आरीने भोके पाडून शिवून टाकतात. कातडे वाळताना आक्रसते आणि लाकडाला असे कवळते की जणू ते त्याच्यावरच वाढले असावे. टोकाला पितळेची टोपी बसते. मागे दोन लहान कप्पे असतात. एकात ‘कर्दा’ नावाची छोटी सुरी, बारीक कामासाठी. दुसऱ्यात ‘चकमक’ नावाचे बोथट पाते, धार सरळ करण्यासाठी आणि गारेवर ठिणगी पाडण्यासाठी. रानात रात्र काढणाऱ्या शिकाऱ्याचा सारा संसार असा एका म्यानात मावतो.

हाताने घडविलेली दोन पाती कधीच सर्वस्वी सारखी नसतात, म्हणून एकीचे म्यान दुसरीला चालत नाही. सार्कीने समोर ठेवलेल्या त्या एका खुकरीसाठीच ते शिवलेले असते. खुकरी उपसण्याची रीत शिकविताना जाणते लोक एक गोष्ट आवर्जून सांगतात : धारेच्या बाजूने म्यानाभोवती बोटे वळवू नका. म्यान जुने होऊन त्याची शिवण उसवली, तर पाते ते चिरून बोटांवर येते. म्हणजे मूठ धरणाऱ्या शूराची बोटे सार्कीच्या टाक्यांच्या भरवशावर असतात.

असे हे दोन कारागीर. समाजाने त्यांना काय दिले? गावातली घरे त्यांना वर्षाकाठी धान्य देत. ह्या पद्धतीला तिकडे ‘बालीघरे’ प्रथा म्हणतात. आपल्या बलुतेदारीची ती सख्खी बहीण शोभेल. नांगराच्या फाळापासून खुकरीपर्यंत सगळे कामीने करावे, जोड्यापासून म्यानापर्यंत सगळे सार्कीने करावे आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा मागावा. परंतु घराचा उंबरठा त्यांना ओलांडता येत नसे. जंगबहादूर राणाच्या राजवटीत १८५४ साली नेपाळचा ‘मुलुकी ऐन’ हा कायदा लिहिला गेला. त्याने सबंध समाजाची उतरंड रचून दिली. कामी आणि सार्की ह्या दोघांची गणना त्यात ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही आणि ज्यांचा स्पर्श झाल्यास अंगावर पाणी शिंपडून शुद्ध व्हावे लागते, अशा जातींत झाली. त्यांच्याही खाली आणखी काही जाती होत्याच. शुद्धीसाठी सोन्याचा स्पर्श झालेले पाणी वापरण्याची चाल होती, आणि डोंगरात सोने घडविणारा सुनारही ह्याच वर्गातला गणला जाई. आपल्याकडे लोहार शिवाशिवीच्या रेषेच्या अलीकडे होता आणि चर्मकार पलीकडे. तिकडे दोघेही पलीकडेच होते.

पोलादाला पाणी देण्याची विद्या ज्याच्या हाती, त्याच्याच हातचे पाणी कोणी पिऊ नये! आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे पूजेला मांडतात, तशीच दसाईंच्या सणात नेपाळात खुकरीची पूजा होते. तिला फुले वाहतात, टिळा लावतात. देवघराजवळ खुकरीला जागा मिळे. ती घडविणारा मात्र अंगणात उभा राही. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली जो प्रश्न विचारला गेला, त्याची आठवण मराठी माणसाला येथे झाल्यावाचून राहत नाही.

ह्या काळातच खुकरीची कीर्ती बाहेर पसरत होती. १८१४ साली इंग्रज-नेपाळ युद्धात देहरादूनजवळच्या नालापाणीच्या किल्ल्यात बलभद्र कुंवर ह्याने सुमारे सहाशे माणसांनिशी इंग्रजी फौज महिनाभर अडविली. ३१ ऑक्टोबरला इंग्रज सेनापती गिलेस्पी तेथेच पडला. किल्ला शेवटी रिकामा झाला तो शत्रूने त्याचे पाणी तोडले तेव्हा. उरलेले सत्तरएक लोक घेऊन बलभद्र बाहेर पडला. इंग्रजांनी तेथे दोन स्तंभ उभारले, एक आपल्या मृतांसाठी आणि एक ह्या शूर प्रतिपक्ष्यासाठी. १८१५ पासून त्यांनी गोरख्यांच्या पलटणी उभारण्यास सुरुवात केली. १९४७ साली दहा गोरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे आल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. ह्या पलटणींच्या चिन्हांवर आजही खुकरी आहे. नेपाळच्या राजचिन्हावरही २००६ सालापर्यंत दोन खुकऱ्या एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या होत्या. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातील जुनी शस्त्रे परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतली, तेव्हा हजारो जुन्या खुकऱ्या उजेडात आल्या. त्यांतील कित्येकींच्या पाठीवर देवनागरीत अक्षरे आणि आकडे कोरलेले आहेत. पलटणीची खूण अशी पोलादावर राहिली. म्यानावर शिवणाऱ्याची खूण राहावी, अशी मात्र कोणाची अपेक्षा नव्हती.

१९६३ साली नेपाळात नवा मुलुकी ऐन आला आणि जातिभेदाचा कायदेशीर आधार गेला. २०११ साली अस्पृश्यता पाळणे हा दंडनीय गुन्हा ठरविणारा स्वतंत्र कायदा झाला. कामी समाजातील अनेक जण आज अभिमानाने ‘विश्वकर्मा’ हे आडनाव लावतात. तथापि कायद्याने रेघ पुसली तरी मनातला ओरखडा राहतो. २०२० साली पश्चिम रुकुम जिल्ह्यात एका तरुणाने वरच्या मानलेल्या जातीतील मुलीवर प्रेम केले, म्हणून तो आणि त्याच्याबरोबर गेलेले मित्र असे सहा तरुण जमावाच्या हल्ल्यानंतर प्राणास मुकले. तो तरुण विश्वकर्मा ह्याच आडनावाचा होता.

खुकरी पाहताना आपली नजर प्रथम धारेवर जाते, आणि ते स्वाभाविक आहे. पण पुढे कधी एखादी हाताने घडविलेली खुकरी आपल्या हाती आली, तर तिच्या पाठीवरून अंगठा फिरवून पाहावा. त्या जाड, चिवट पाठीनेच धारेला सांभाळून धरलेले असते. मग म्यान उलटे करून मागची शिवण पाहावी. एकसारखे, जवळजवळ घातलेले ते टाके बोटांना लागतील. ते कोणी घातले हे विचारण्याची रीत नव्हती. ती आता पडावयास हवी.