रात्री भाकरी खाल्ली की वजन वाढतं का?

'संध्याकाळी सातनंतर कार्ब्स बंद करा आणि महिन्यात पाच किलो वजन घटवा.' अशी एखादी रील तुमच्याही मोबाईलवर येऊन गेली असेल. ती फॅमिली ग्रुपवर फिरते आणि दुसऱ्या दिवसापासून घरातलं कुणीतरी रात्रीची भाकरी सोडतं.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हा बदल लहान नाही. चिखली असो, मेहकर असो की मलकापूर, बहुतेक घरांत रात्रीचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी किंवा पोळी आणि सोबत वरण नाहीतर भाजी. ताटातून भाकरी गेली की जेवल्यासारखंच वाटत नाही. मग रात्री अकराला स्वयंपाकघरातले डबे उघडतात. मूठभर शेंगदाणे, थोडा चिवडा, चहासोबत दोन बिस्किटं. महिनाभराने वजनकाट्यावर उभं राहिलं तर काटा तिथंच.

मग कार्बोहायड्रेट्स खाण्याच्या वेळेचा वजनाशी खरंच काही संबंध आहे का?

थोडक्यात उत्तर असं: वेळेमुळे फरक पडतो, पण तो थोडा. दिवसभरात एकूण किती आणि काय खाल्लं, याचा फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. मात्र मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांसाठी हा फक्त वजनाचा प्रश्न नाही. त्यांनी डॉक्टरांना न विचारता रात्रीची भाकरी सोडली, तर जिवावर बेतू शकतं. ते कसं, हेही पुढे पाहू.

कार्ब्स म्हणजे नक्की काय?

भाकरी, पोळी, भात, पोहे, साबुदाणा, बटाटा, साखर, गूळ, फळं या सगळ्यांत कार्बोहायड्रेट्स म्हणजे कर्बोदकं असतात. पचनानंतर त्यांची ग्लुकोज होते आणि शरीर ती इंधन म्हणून वापरतं. एक ग्रॅम कर्बोदकांतून साधारण ४ कॅलरी मिळतात. प्रथिनांतूनही तेवढ्याच मिळतात. तेल-तुपातून मात्र ग्रॅममागे ९.

आता भाकरीचा हिशोब करू. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३५ कॅलरी असतात. सोबत जवळपास १० ग्रॅम प्रथिनं आणि तेवढेच तंतू म्हणजे फायबर. एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागलं, तर ती भाकरी साधारण २०० कॅलरींची झाली. ही भाकरी सकाळी आठला खा नाहीतर रात्री आठला, तिच्यातल्या कॅलरी तेवढ्याच राहतात.

'रात्री शरीर झोपतं, म्हणून सगळ्याची चरबी होते'

हा दावा सर्वात जास्त ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. आपण झोपलो तरी हृदय, मेंदू, यकृत, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं यांचं काम चालूच असतं. बैठं काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या ऊर्जेतला निम्म्याहून जास्त वाटा नुसतं शरीर चालू ठेवण्यात जातो. म्हणजे रात्री सात वाजता शरीराचं दुकान बंद होत नाही.

चरबी साठते ती खर्चापेक्षा जास्त ऊर्जा रोज पोटात गेल्यावर. ती जास्तीची ऊर्जा सकाळच्या जिलेबीतून आली, दुपारच्या कचोरीतून आली की रात्रीच्या भातातून, शरीर तिचा साठा करतंच.

मग पहिल्याच आठवड्यात दोन किलो कसे गेले?

'मी रात्रीची भाकरी सोडली आणि आठवड्यात दोन किलो उतरले,' असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात. पण उतरलेलं सगळं वजन चरबीचं नसतं.

शरीर काही ग्लुकोज यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. या साठ्यातल्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं. कार्ब्स एकदम कमी केले की साठा घटतो आणि त्याच्यासोबतचं पाणीही जातं. काटा झरझर खाली येतो. नेहमीचं जेवण सुरू केलं की पाणी परत येतं आणि काटाही.

एक साधं गणित करून बघा. रोज दोन भाकऱ्या सोडल्या आणि त्यांच्या जागी काहीच खाल्लं नाही, तर दिवसाला साधारण ४०० आणि आठवड्याला २,८०० कॅलरी वाचल्या. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे या हिशोबाने आठवड्यात जास्तीत जास्त ३५०-४०० ग्रॅम चरबी जाईल. दोन किलो नाही. त्यात रात्री अकराला ३० ग्रॅम शेंगदाणे खाल्ले, तर वाचवलेल्यातल्या दीडशेहून जास्त कॅलरी तिथंच परत आल्या.

संशोधन काय सांगतं?

इथं गंमत आहे. वेगवेगळ्या अभ्यासांची उत्तरं वेगवेगळी आहेत.

इस्रायलमधल्या ७८ लठ्ठ पोलिसांवर सहा महिने चाललेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला दिवसातले बहुतेक कार्ब्स रात्रीच्या जेवणात दिले होते, दुसऱ्या गटाला दिवसभरात विभागून. रीलवाल्यांच्या हिशोबाने रात्री खाणाऱ्यांचं वजन वाढायला हवं होतं. प्रत्यक्षात वजन दोन्ही गटांचं घटलं आणि रात्री कार्ब्स खाणाऱ्यांचं थोडं जास्तच घटलं.

२०१३ मध्ये इस्रायलमधूनच उलटं उत्तर आलं. जास्त वजन असलेल्या ९३ महिलांना रोज १,४०० कॅलरींचा आहार सांगितला गेला. एका गटाने सकाळी ७०० आणि रात्री २०० कॅलरी घ्यायच्या, दुसऱ्या गटाने सकाळी २०० आणि रात्री ७००. बारा आठवड्यांनी भरपेट न्याहारी करणाऱ्या गटाचं वजन दुपटीहून जास्त घटलेलं होतं.

मग खरं काय? २०२२ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठाच्या संशोधकांनी याच प्रश्नावर ३० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी सगळं अन्न स्वतः पुरवलं. प्रत्येकाने चार आठवडे सकाळी जास्त खाल्लं आणि चार आठवडे रात्री जास्त. दोन्ही वेळा घटलेलं वजन जवळपास सारखंच होतं, साधारण ३.३ किलो. फरक पडला तो भुकेत. सकाळी जास्त खाल्लं तेव्हा लोकांना दिवसभर भूक कमी लागली.

वेळेचं खरं काम इथं लक्षात येतं. कॅलरी मोजून हातात दिल्या तर वेळेचा फरक जवळपास पुसला जातो. पण घरी आपलं अन्न कुणी मोजून देत नाही. तिथं आपण किती खाणार हे भूक ठरवते. सकाळी पोट भरलेलं असेल तर संध्याकाळच्या तळणाकडे हात कमी जातो. उलट रात्री उपाशी झोपायचं ठरवलं तर रात्रीच डबे उघडतात.

मग उशिरा जेवलं तरी चालेल का?

शक्यतो नको. संध्याकाळनंतर आपल्या शरीराची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता थोडी कमी होते. झोपेची वेळ जवळ आली की मेलाटोनिन हे संप्रेरक वाढतं आणि त्या काळात इन्सुलिन कमी प्रमाणात स्रवतं. त्यामुळे सकाळी खाल्लेल्या पदार्थाने साखर जेवढी वाढते, त्याहून जास्त ती रात्री उशिरा तोच पदार्थ खाल्ल्यावर वाढते.

अमेरिकेत १६ लोकांवर झालेल्या २०२२ च्या एका प्रयोगात जेवणाच्या वेळा सुमारे चार तास पुढे ढकलल्या होत्या. अन्न तेच होतं. तरी उशिरा जेवल्यावर भूक वाढली आणि जागेपणी शरीराचा ऊर्जाखर्च थोडा घटला.

शेतातून घरी आलं की दिवेलागणीनंतर लगेच जेवून घ्यायचं, ही गावाकडची पद्धत म्हणूनच चांगली. दुकान बंद करून किंवा मालिका संपवून दहा-साडेदहाला जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं, ही सवय बदलण्यासारखी आहे. झोपण्याच्या दोन-तीन तास आधी जेवण झालेलं बरं. त्या जेवणात भाकरी असायला हरकत नाही.

दोनदा खायचं की दर दोन तासांनी?

महाराष्ट्रात हा वाद नवा नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली, दिवसातून फक्त दोनदा आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत घरोघरी पोहोचवली. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडं थोडं, वेळेवर आणि घरचं खायला सांगतात. रात्रीच्या वरण-भाताला त्यांचा विरोध नाही. २०१९ मध्ये राज्याच्या लठ्ठपणाविरोधी मोहिमेसाठी डॉ. दीक्षितांची निवड झाली, तेव्हा हा वाद आणखी रंगला.

दोन्ही बाजूंनी वजन घटल्याचे अनुभव सांगणारे लोक भेटतात. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे मधल्या वेळचं फरसाण, बिस्किटं आणि साखरेचा चहा कमी होतो. चीनमध्ये १३९ लोकांवर वर्षभर चाललेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं. सगळ्यांच्या कॅलरी कमी केल्या होत्या, त्यातल्या निम्म्यांना सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळेत खायला सांगितलं होतं. वर्षाअखेरीस दोन्ही गटांच्या घटलेल्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता.

मधुमेह असेल तर थांबा

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या रक्तातली साखर खाली आणतात. त्यांचा डोस तुमच्या नेहमीच्या जेवणाला धरून ठरवलेला असतो. औषध तेवढंच ठेवून रात्रीची भाकरी सोडली, तर झोपेत साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

दरदरून घाम, हातापायांना थरथर, छातीत धडधड, अचानक भूक, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. साखर ७० च्या खाली असेल किंवा ही लक्षणं दिसली, तर माणूस शुद्धीवर असताना तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

घरात आजोबांची मधुमेहाची गोळी सुरू असेल आणि नातवाने रील पाठवली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. कदाचित भाकरी कमी करणं योग्यही असेल, पण मग गोळीचा डोसही बदलावा लागेल. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या महिलांनीही असे प्रयोग स्वतःहून करू नयेत.

मग ताटात काय बदलायचं?

आपल्या ताटात कार्ब्स जास्त आहेत, हे मात्र खरं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहार मार्गदर्शनानुसार धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंतच असावी. म्हणून भाकरीची वेळ बदलण्याआधी तिच्या सोबतीला काय आहे, ते बघा.

तीन भाकऱ्या खात असाल तर दोनवर या आणि वरण, मटकी, हरभरा किंवा अंडं वाढवा. पिठलं असेल तर उत्तमच, फक्त तेलावर लक्ष ठेवा. एक लहान चमचा तेल म्हणजे ४५ कॅलरी. आधी कोशिंबीर, भाजी आणि वरण खा, भाकरी नंतर. कार्ब्स शेवटी खाल्ले तर जेवणानंतर साखर कमी उसळते, असं मधुमेहींवरच्या अभ्यासांत दिसलं आहे.

एकादशीचा उपवास करत असाल तर लक्षात ठेवा, साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. भाकरी सोडून दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर कार्ब्स कुठेच गेले नाहीत. उलट ज्वारीतले तंतू आणि प्रथिनं तेवढी गेली.

प्रगती मोजताना काट्यासोबत टेपही वापरा. भारतीयांमध्ये वजन फार नसतानाही पोटावर चरबी साठते. पुरुषांचा पोटाचा घेर ९० सेंटिमीटर आणि महिलांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. वजन आठवड्याला अर्धा किलोच्या वेगाने घटलं तरी पुरेसं आहे.

आणि तुमचा दिवस कसा जातो, तेही बघा. कपाशीच्या शेतात दिवसभर वेचणी करून आलेल्या बाईला रात्रीची भाकरी सोडायला सांगणं आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला एक भाकरी कमी खा म्हणणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रीलमधला माणूस तुमचा दिवस बघत नाही, तुम्ही तो बघू शकता.

थोडक्यात, आज रात्री भाकरी खा. एक कमी खा, आठच्या आत खा, सोबत वाटीभर वरण घ्या. आणि ती रील ग्रुपवर पुढे पाठवण्याआधी त्या ग्रुपमध्ये मधुमेहाचं औषध कोण कोण घेतं, ते एकदा आठवा.