कँपाला जायचे ठरले

गेल्या चैत्रातली गोष्ट. कांजूरमार्गला आमच्या घरी उन्हाळी प्रवासाचा बेत शिजत होता. वास्तविक आमच्या गच्चीवरून पूर्वेला पाहिले की हमरस्त्यापलीकडे मिठागरे दिसतात, मग तिवरे, मग ठाण्याची खाडी. म्हणजे समुद्राचे पाणी आमच्या उंबऱ्याशीच आलेले. पण मुलांना हा चिखलाचा समुद्र पसंत नाही. त्यांना लाटा हव्यात. रत्नागिरी शहर पाहायचे यावर लवकरच एकमत झाले. तेवढ्यात नातीने फोनवरची चित्रे माझ्यापुढे धरली. दापोलीजवळ कर्द्याच्या किनाऱ्यावर माडांखाली ओळीने तंबू उभे होते.

"आजोबा, आधी दोन रात्री कँपात राहू, मग रत्नागिरी!"

मला हसू आले. म्हटले, "अग, हा तुझा कँप कालचा. दापोलीचा खरा कँप दोनशे वर्षांचा आहे."

आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी नुसते 'दापोली' कधी येत नसे. 'कँप दापोली' म्हणायचे, आणि पत्रावरही तसेच लिहायचे. १८१८ साली पेशवाई बुडाली, दक्षिण कोकण इंग्रजांकडे गेले, आणि लष्कराच्या तळासाठी त्यांनी हे पठार हेरले. कोकणात असून हवा थंड, आणि हर्णैचे बंदर जेमतेम १५ किलोमीटरवर. साहेबाला आणखी काय हवे? हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग तर त्यांनी १७५५ मध्येच जिंकला होता, आणि तोही पेशव्यांशी हातमिळवणी करून, आंग्र्यांच्या हातून. ही हकिकत आपण मराठी माणसे जरा हळू आवाजातच सांगतो. असो.

पुढे पलटणी हलल्या, पण पेन्शनीत निघालेल्या शिपायांची वस्ती कँपाच्या आसऱ्याने राहिली. मुंबई लष्करात कोकणातले महार शिपाई पुष्कळ होते. गावच्या विहिरीवर ज्यांना पाणी नाही, गावच्या शाळेत ज्यांना बसायला जागा नाही, त्यांच्या हाती लष्कराने पाटी-पेन्सिल दिली. साहेबाने हे काही पुण्य म्हणून केले नाही, त्याला हुकूम वाचता येणारा शिपाई हवा होता. पण एकदा अक्षर हाती आले की माणूस फक्त हुकूमच वाचत बसत नाही. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त होऊन दापोलीस राहिले. त्यांनी 'दीनबंधु' पत्रात लेख लिहिले, 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेला शास्त्राधार कोणता असा सवाल विचारला, 'अनार्य दोष परिहारक मंडळी' काढली. सरकारने महारांची भरती बंद केली तेव्हा तिच्याविरुद्ध १८९४ साली अर्ज तयार केला तोही त्यांनीच. आमच्या शाळेच्या इतिहासात हे नाव नव्हते. मला ते कळले तेव्हा माझे केस पिकले होते.

त्याच सुमारास सुभेदार रामजी सकपाळ पेन्शन घेऊन दापोलीस आले. मूळ गाव आंबडवे, आजच्या मंडणगड तालुक्यातले. महूच्या छावणीत ते लष्करी शाळेवर होते, आणि तिथेच १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव जन्मले. दापोलीस कायमचे राहायचे असा सुभेदारांचा विचार होता. पण तो बदलला आणि बिऱ्हाड साताऱ्यास गेले.

आता उन्हाळी प्रवासाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्या घरातल्या मुलांनीही एक असाच बेत केला होता. साल १९०१. रामजी तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला, दुष्काळी कामावर, खजिनदार होते. त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावले. भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुले अशी चौघे निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे, नवे बूट! आगगाडीने ती मसूरला उतरली. येत असल्याचे पत्र पाठवले होते, पण नोकराच्या विसराळूपणामुळे ते रामजींच्या हाती पडलेच नाही. म्हणून घ्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली, आणि मुले महारांची हे कळताच त्याचा चेहरा पालटला. गाडीवाला कोणी तयार होईना. शेवटी एकजण दुप्पट भाडे घेऊन कबूल झाला, तोही अशा अटीवर की मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे. शिदोरी मुबलक होती. पाणी मात्र रात्रभर कोणी दिले नाही. बाबासाहेबांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हे सारे लिहून ठेवले आहे.

हे मी घरात सांगितले तेव्हा क्षणभर कोणी बोलले नाही. मला माझे लहानपण आठवले. आगबोट हर्णैला खोल पाण्यात उभी राही, आम्ही पडावात उतरू, आणि काठाशी आलो की एक माणूस आम्हा पोरांना खांद्यावर घेऊन कोरड्यात सोडी. पलीकडे वडाखाली आमची बैलगाडी जुंपून तयार. गाडी येईल की नाही ही शंका एकाही उन्हाळ्यात माझ्या मनाला शिवली नाही. आणि तो खांदा कोणाचा होता, हेही मी कधी विचारले नाही.

नातीने विचारले, "मग तो कँप आता कुठे बघायचा?"

तिला सांगितले, की दापोलीत मैदान आहे, जुन्या चर्चचे अवशेष आहेत. साने गुरुजी पालगडचे. ते शिकले ते दापोलीच्या मिशन शाळेत. आणि जवळच वणंद आहे. ते रमाबाई आंबेडकरांचे माहेर. त्यांचे वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आईवडील लवकर गेले आणि ती भावंडे नातेवाइकांबरोबर मुंबईला आली. वणंदला आज रमाबाईंचे स्मारक आहे.

मग बेत नव्याने मांडला. ठाण्याहून कोकण रेल्वेने खेड, तिथून एस.टी.ने दापोली. कर्द्याच्या तंबूंना माझी हरकत नव्हती, दोन रात्री मान्य. एक सकाळ वणंदला. नंतर दाभोळहून जंगरीने वाशिष्ठी ओलांडून धोपावे, गुहागर, तवसाळहून पुन्हा जंगरीने जयगड, आणि रत्नागिरी. तिथे थिबा राजवाडा पाहायचा. ब्रह्मदेशाचा हा राजा १८८६ पासून १९१६ साली मरेपर्यंत रत्नागिरीत कैदेत होता, आणि वाडा मिळाला तो १९१० साली. पतितपावन मंदिर मात्र मीच हट्टाने घातले. सावरकरांच्या प्रेरणेने, भागोजीशेठ कीरांच्या पैशाने, ते १९३१ साली सर्व जातींना खुले म्हणून उभे राहिले. मसूरच्या त्या रात्रीनंतर बरोबर ३० वर्षांनी.

सौभाग्यवती सामानाची यादी करत होत्या. नातीने ती मागून घेतली आणि चकल्या, टोप्या, बॅटरी यांच्या वर, पहिल्या ओळीत लिहिले: पाणी, मोठे दोन कॅन.

"अग, वाटेत सगळीकडे मिळते," तिचे वडील म्हणाले.

तिने ते खोडले नाही.