निळ्या डोंगराची पानगळ

आपल्या सह्याद्रीत रानाला लाली चढते ती वसंताच्या तोंडावर. पळस आणि पांगारा फुलतात; कुसुंबाची कोवळी पालवी तर फुलांनाही मागे टाकते. तो रंग नव्या पानाचा. अमेरिकेच्या पूर्वेकडील डोंगरांत मात्र रानाचा मोठा सोहळा होतो तो पान गळण्यापूर्वी, ऑक्टोबर महिन्यात. दिवस लहान होतात, रात्री गारठतात आणि पानांतील हरितद्रव्य ओसरू लागते. उन्हाळाभर त्याच्याखाली झाकून राहिलेला पिवळा रंग तेव्हा उघडा पडतो, आणि काही जातींच्या पानांत उरलेल्या साखरेपासून तांबडा रंग नव्याने तयार होतो. मेपल लालभडक होतो, हिकरी पिवळीधमक, ओक तपकिरी. ही पर्णशोभा पाहावयास दरवर्षी असंख्य माणसे डोंगर चढतात, आणि त्यांत मोटारसायकलस्वारांचा भरणा मोठा असतो. त्यांच्या एका आवडत्या वाटेचा इतिहास आम्ही येथे सांगू इच्छितो.

आपण जिला कौतुकाने फटफटी म्हणत आलो, ती अमेरिकेत प्रथम आली ती गरजेचे वाहन म्हणून. स्प्रिंगफील्ड येथे १९०१ साली ‘इंडियन’चा आणि मिलवॉकी येथे १९०३ साली ‘हार्ले-डेव्हिडसन’चा आरंभ झाला. पुढे फोर्डच्या स्वस्त मोटारी घरोघर पोहोचल्या आणि दुचाकीकडे हौसेचा प्रवास तेवढा राहिला. हौशी प्रवाशाला वाटही तशीच हवी असते. मॅसॅच्युसेट्समधील ‘मोहॉक ट्रेल’ हा रस्ता १९१४ च्या ऑक्टोबरात, म्हणजे ऐन पानगळीत, खुला झाला. रस्ता केवळ पोहोचण्यासाठी नसून पाहण्यासाठीही असू शकतो, हा विचार तेथे रुजला.

या विचाराचे भव्य रूप म्हणजे व्हर्जिनियातील ‘स्कायलाइन ड्राइव्ह’. ब्लू रिज, म्हणजे निळी डोंगररांग, हिच्या माथ्यामाथ्यावरून १०५ मैल जाणारा हा रस्ता. अध्यक्ष हूवर यांच्या कारकिर्दीत १९३१ साली काम सुरू झाले आणि अवर्षणाने व मंदीने गांजलेल्या शेतकऱ्यांना त्यावर रोजगार मिळाला. १९३९ साली शेवटचा टप्पा पुरा झाला. एका अंगाला शेनांडोआ नदीचे खोरे, दुसऱ्या अंगाला पीडमाँटचा उतरता मुलूख, आणि दोन्ही बाजूंना थांबून पाहण्यासाठी बांधलेले जवळजवळ पाऊणशे सज्जे. वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल. घाईच्या माणसाने येथे येऊच नये, असेच जणू ती सांगते. मोटारसायकलस्वाराला ती जाचत नाही. त्याच्यापुढे काच नसते, डोक्यावर छत नसते. चढणीवर हवा गारठते ती त्याला अंगावर कळते, कुजक्या पानांचा ओला वास नाकाला कळतो. ओल्या पानांच्या थरावरून चाक घसरते आणि संध्याकाळी हरणे अचानक आडवी येतात, हेही त्याला लवकरच कळते.

परंतु या वाटेवरून जाताना एक गोष्ट सहसा कळत नाही. हे रान निर्मनुष्य नव्हते. ते निर्मनुष्य करण्यात आले.

शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानासाठी लागणारी जमीन खाजगी मालकीची होती. डोंगराच्या घळीघळींतून पिढ्यान् पिढ्या राहिलेली माणसे तेथे मका, बटाटे आणि सफरचंदे पिकवीत, गुरे चारीत. ऑक्टोबर हा त्यांच्या दृष्टीने रंगांचा नव्हे, सुगीचा महिना. चेस्टनटची फळे वेचून विकावी आणि त्या पैशांत मुलांचे जोडे घ्यावे, असा त्यांचा हिशेब असे. १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम लक्षात आलेल्या बुरशीच्या रोगाने पुढील तीन दशकांत तो वृक्ष जवळजवळ नाहीसा केला, तेव्हा या लोकांचा एक आधार आधीच तुटला होता.

१९२८ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा करून ही जमीन सक्तीने घेण्याचा मार्ग मोकळा केला. एक बागायतदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. १९३५ साली तोही हरला. साडेचारशेंहून अधिक कुटुंबे उठली. कोणाला मोबदला मिळाला. जे दुसऱ्याच्या जमिनीवर राहत होते त्यांना तोही नाही. चाळीसेक वृद्धांना हयात असेतो राहू दिले. त्यांतील शेवटची बाई १९७९ साली वारली.

उठविण्यापूर्वी या लोकांना हिणविण्यात आले, हे आम्हांस अधिक बोचते. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉलो फोक’ या पुस्तकाने त्यांना जगापासून तुटलेले, मागासलेले ठरविले. १९३५ च्या ऑक्टोबरात सरकारी छायाचित्रकार आर्थर रॉथस्टीन येथे आला आणि त्याने त्यांचे चेहरे टिपले. त्याच वर्षी २६ डिसेंबरला उद्यान स्थापन झाले. १९३६ च्या जुलैत अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘बिग मेडोज’ येथे त्याचे लोकार्पण केले. सर्वांसाठी म्हणून खुल्या झालेल्या या उद्यानातही आफ्रिकी वंशाच्या प्रवाशांसाठी ‘लुईस माउंटन’ ही वेगळी जागा १९३९ साली राखण्यात आली. हा भेद पुरता मिटावयास १९५० साल उजाडले.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रस्ता बांधणाऱ्यांनी वाईट काम केले असे नव्हे. ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’मधील बेकार तरुणांनी १९३३ पासून या उतारांवर झाडे लावली, दगडी कठडे रचले. जेथे शेते आणि कुरणे होती तेथे रान पुन्हा दाटले. आज उद्यानाचा बहुतेक सारा भाग वनाखाली आहे. म्हणजे प्रवासी जी पर्णशोभा अनादि समजून पाहतो, तिचा पुष्कळसा भाग कोणाच्या तरी पडीक वावरात उगवलेला आहे. ते रान खरे आहे, तसे ते वावरही खरे होते.

१९९०च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी तीन घळींत उत्खनन व पाहणी केली. कोका-कोलाच्या बाटल्या, ध्वनिमुद्रिकांचे तुकडे, मुलांची खेळणी अशा वस्तू तेथे मिळाल्या. जगापासून तुटलेल्या म्हणविलेल्या घरांत जगाचा बाजार पोहोचलेला होता. पुस्तकाने केलेली बदनामी पुसावयास मातीतील काचा उपयोगी पडल्या.

उद्यानात आजही शंभरांवर कौटुंबिक दफनभूमी आहेत. रानात मध्येच एखादे जुने सफरचंदाचे झाड दिसते, कोठे पडक्या धुराड्याचा दगडी खांब. अलीकडे आसपासच्या जिल्ह्यांत वंशजांनी धुराड्यांच्या आकाराची स्मारके उभारली असून त्यांवर उठलेल्या घराण्यांची नावे कोरली आहेत. घर मोडले तरी चूल स्मरणात राहते, हे कोणत्या देशीच्या माणसाला समजावून सांगावयास हवे?

आमच्या गोमंतकीय वाचकांना तर नकोच. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेले कुर्डी, मोगूबाई कुर्डीकरांचे ते गाव, उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते आणि तेथली माणसे आपली देवळे नि उंबरे शोधीत परततात. शेनांडोआच्या वंशजांना ओसरणाऱ्या पाण्याची वाट पाहावी लागत नाही. ऑक्टोबर सरला, पाने गळाली, आणि फटफट्या डोंगर उतरून गेल्या, की उघड्या फांद्यांतून जुनी जोती आपोआप दिसू लागतात. पर्णशोभा पाहावयास जाणाऱ्याने एखादे वर्ष थोडे उशिरा जावे, अशी आमची सूचना आहे.