चावऱ्या कुत्र्याचा धनी

शेजाऱ्याच्या कुत्र्यानें पोराची पोटरी फोडली आणि आपण तक्रार घेऊन त्याच्या दारीं गेलों, कीं धनी काय सांगतो हें आपणांस ठाऊकच आहे. "आमचा मोत्या तसा नाहीं हो! आजवर कुणाला चावला नाहीं. पोरानेंच खोडी काढली असेल." हा बचाव फार जुना आहे, आणि मनुष्यजातीनें त्यास दिलेलीं उत्तरेंहि जुनीं आहेत.

१९४५ व १९४७ सालीं बगदादजवळील तेल हरमल या टेकाडांत मातीच्या दोन विटा सांपडल्या. त्यांवर एश्नुन्ना नांवाच्या राज्याचे सुमारें ३,८०० वर्षांपूर्वींचे कायदे कोरलेले आहेत. त्यांत आपल्या विषयाचें कलम आहे. कुत्रें चावरें असून पेठेच्या कारभाऱ्यांनीं धन्यास तसें कळविलें, तरी त्यानें तें आवरलें नाहीं, आणि त्याच्या चाव्यानें माणूस मेला, तर धन्यानें ४० शेकेल चांदी तोलून द्यावी; मेलेला गुलाम असल्यास १५. चाळीस शेकेल म्हणजे आपले सुमारें २८ तोळे. मूळ शब्दाचा अर्थ कोणी 'चावरें' करतात, कोणी 'पिसाळलेलें'. गुलामाच्या जिवाचें मोल निम्म्याहूनहि कमी धरलें, हें वाचून मन विटतें. तथापि एक गोष्ट तेथें पक्की झाली: कळविल्यावर 'मला ठाऊक नव्हतें' म्हणण्यास जागा उरली नाहीं. कळविलेंच नसेल तर काय, याविषयीं मात्र ती वीट गप्प आहे.

ग्रीकांच्या सोलोननें चावलेलें कुत्रें गळ्यांत लांब लाकूड अडकवून फिर्यादीच्या हवालीं करावें असें ठरविलें, असें प्लूटार्क लिहितो. रोमन लोक याहून व्यवहारी. जेथून लोकांची वाट जाते, तेथें कुत्रा, डुकर, अस्वल किंवा सिंह ठेवूं नये, असा त्यांच्या बाजार-अधिकाऱ्यांचा हुकूम होता. (सिंह बाळगणारे शेजारी असले म्हणजे कुत्र्याचें काय एवढें!) इ. स. ५३३ च्या जस्टिनियनच्या ग्रंथाप्रमाणें स्वतंत्र मनुष्य मेल्यास दंड २०० सुवर्णनाण्यांचा. जखमेचा आंकडा न्यायाधीश ठरवी. येथें पूर्वीं कोणी कळविलें होतें काय, हा प्रश्नच नाहीं. जनावर वाटेवर ठेवलें, हाच दोष.

आतां आपल्या घरीं या. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत एक लहानसा श्लोक आहे. दाढा किंवा शिंगें असलेल्या जनावरानें कोणास धरलें, आणि सोडविण्यास समर्थ असूनहि धन्यानें सोडविलें नाहीं, तर त्यास प्रथम साहसाचा, म्हणजे त्याच स्मृतीच्या मापानें २७० पणांचा, दंड. आणि सांपडलेल्यानें आरडाओरड केली असतांहि तो स्वस्थ राहिला, तर दुप्पट. कुत्र्याचें नांव तेथें नाहीं. पण दाढ म्हटल्यावर कुत्रा बाहेर कसा राहील? मला हा श्लोक एश्नुन्नाच्या कलमाहून खोल वाटतो. तेथें कारभाऱ्यांची सूचना मोजली, येथें माणसाची किंकाळी मोजली. जनावराचा पूर्वीचा स्वभाव कसा होता हें शास्त्रकार विचारीत नाहीं. त्या घटकेस, तुझ्या हातीं असतांना, तूं काय केलेंस एवढेंच तो विचारतो. ओट्यावर उभें राहून "कांहीं करीत नाहीं तो" म्हणणाऱ्या धन्यास ५४० पण भरावे लागले असते.

इंग्रजी अमलांत १८६० सालीं दंडसंहिता झाली, ती १८६२ पासून लागू झाली. तिच्या २८९ व्या कलमानें जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानें जनावराचा पुरेसा बंदोबस्त न करणें हा गुन्हा ठरला. संभाव्य धोका एवढेंच त्यास पुरे. कुत्र्यानें आधीं कोणास चावलेलेंच पाहिजे असें तें कलम म्हणत नाहीं. म्हणजे मोत्याच्या धन्याचा बचाव तेथेंहि लंगडाच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचें २९१ वें कलम त्याच्या जागीं आलें. भाषा बहुतेक तीच आहे. कैद पूर्वींप्रमाणेंच सहा महिन्यांपर्यंतची, दंडाची मर्यादा मात्र १,००० रुपयांवरून ५,००० झाली आहे.