रसद पोचविणाऱ्यांची शौर्यपदके

मराठी माणसाला रसदेचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. पानिपताने तो धडा त्याला कायमचा शिकविला आहे. 14 जानेवारी 1761 रोजी सदाशिवरावभाऊंचे सैन्य छावणीबाहेर पडले, ते बऱ्याच अंशी उपासमारीने बाहेर काढले होते. अब्दालीने दिल्लीकडची वाट आधीच तोडली होती. शत्रूची रसद मारणारे व आपल्या लष्कराला पैका-धान्य पुरविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर 1760 मध्येच मारले गेले होते. पानिपतावर पडलेल्या सरदारांची नावे आपल्याला मुखोद्गत असतात. परंतु वाटेत धान्याच्या गोणींशेजारी कापले गेलेले बैलवाले कोण होते, हे विचारण्याची आपली रीत नाही. बखरीतही ते ‘बाजारबुणगे’ या एका शब्दात संपतात, आणि हा शब्द आपण आजही तुच्छतेनेच वापरतो.

योगायोग असा की भारतीय लष्कराची पुरवठा व वाहतूक सांभाळणारी शाखा, आर्मी सर्व्हिस कोअर, आपली वंशावळ 1760 पर्यंतच मागे नेते आणि 8 डिसेंबर हा आपला वर्धापनदिन मानते. म्हणजे पानिपतावर मराठ्यांची रसद तुटत होती त्याच सुमारास बंगालमध्ये कंपनी सरकार आपला कोठीखाता बांधून घेत होते. पुढे या शाखेची नावे अनेकदा बदलली. कमिसरिएट झाले, सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट कोअर झाले, 1923 मध्ये इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर झाले. काम मात्र तेच राहिले.

आज मला या कामाच्या एका बाजूविषयी बोलावयाचे आहे, ती म्हणजे या लोकांना मिळालेली, उशिरा मिळालेली आणि न मिळालेली शौर्यपदके. पदक ही वस्तू वरवर पाहता शोभेची, पण तिच्यामागे एक नियमावली असते. कोण पात्र, कोण अपात्र, कोणती कृती शौर्य म्हणावयाची आणि ती कोणी पाहिलेली असावी, हे सारे त्या नियमावलीत ठरते. राज्यकर्ता कोणाला सैनिक समजतो आणि कोणाला नोकर, हे तिच्याइतके स्पष्ट सांगणारा कागद क्वचितच सापडेल.

पहिले उदाहरण आपल्या देशाबाहेरचे घेतो. 22 जानेवारी 1879 रोजी दक्षिण आफ्रिकेत रोर्क्स ड्रिफ्ट या ठाण्यावर सुमारे दीडशे माणसांवर हजारो झुलू योद्ध्यांनी हल्ला केला. ठाणे म्हणजे एक रुग्णालय आणि एक कोठार, तटबंदी मुळीच नव्हती. पळून जावे असा विचार चालू असता जेम्स डाल्टन या पुरवठा खात्याच्या हंगामी अधिकाऱ्याने सांगितले की, जखमींच्या गाड्या घेऊन उघड्या माळावर निघालो तर वाटेतच गाठले जाऊ. येथेच लढले पाहिजे. हा गृहस्थ पूर्वी पायदळात सार्जंट होता. तट कशाचा करावयाचा? कोठारातील मक्याच्या पोत्यांचा आणि बिस्किटांच्या पेट्यांचा. रसदेनेच अक्षरशः भिंत होऊन माणसे वाचविल्याचे इतके उघड उदाहरण दुसरे नसेल. डाल्टनच्या खांद्यात गोळी लागली, तरी तो सूचना देतच राहिला. त्याच खात्यातील कोठावळा लुई बर्न हा एका जखमीला पाणी पाजीत असता मारला गेला.

या लढाईबद्दल एकूण 11 व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आले. मे 1879 मध्ये पहिली यादी निघाली, तीत डाल्टनचे नाव नव्हते. ते नोव्हेंबर महिन्यात, बरीच ओरड झाल्यावर आले. इंजिनियर दलाचा चार्ड व पायदळाचा ब्रोमहेड हे अधिकारी तात्काळ वीर ठरले आणि ज्याच्या सल्ल्याने व ज्याच्या पोत्यांनी ठाणे टिकले तो सहा महिने वाट पाहात राहिला. याला कोणाचा दुष्टपणा म्हणण्याचे कारण नाही. कोठीवाल्याकडून शौर्याची अपेक्षाच नसते. म्हणून ते घडले तरी नजरेत चटकन भरत नाही.

आता आपल्याकडे वळू. इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान 1837 चा, इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल 1907 चे, आणि व्हिक्टोरिया क्रॉसची कवाडे हिंदी शिपायांना उघडली ती 1911 मध्ये. या साऱ्यांत सैन्याबरोबर जाणाऱ्या पण ‘लढवय्या’ न गणल्या जाणाऱ्या माणसाचे स्थान कोणते? 1895 च्या इंडिया मेडलचे उत्तर सरळ होते: लढणाऱ्याला चांदीचे आणि सेवकवर्गाला ब्राँझचे. मोहीम तीच, पट्टी तीच, थंडी आणि गोळ्याही त्याच. फक्त धातू वेगळा. पहिल्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या बाबतीतही मजूर तुकड्यांच्या वाट्याला असेच ब्राँझ आले.

येथे ग्वाल्हेरकरांना थोडे थांबावे लागेल. 1889 च्या सुमारास संस्थानांनी साम्राज्यासाठी फौजा राखण्याची योजना आली, तेव्हा काही संस्थानांनी घोडदळ दिले, काहींनी पायदळ. शिंदे सरकारांनी घोडदळाबरोबर वाहतूक दलही उभे केले. 1895 च्या चित्रळच्या मोहिमेत आणि 1897-98 च्या तिराहच्या मोहिमेत ग्वाल्हेर व जयपूर या दोन संस्थानांची ट्रान्सपोर्ट कोअर सरहद्दीच्या डोंगरांत होती. होळकरांच्या इंदुरानेही पुढे असेच दल राखले. मराठी राज्यांच्या उत्तरकाळातील लष्करी इतिहासात या तट्टांना व गाड्यांना कोणी पान दिल्याचे दिसत नाही. महादजींच्या कवायती कंपूंविषयी आपण तासन्‌तास बोलतो. त्यांच्या वंशजांच्या खेचरांविषयी बोलण्यात आपल्याला कमीपणा वाटतो की काय, न कळे.

खेचर चालविणाऱ्या शिपायाला हिंदी फौजेत ‘ड्राबी’ म्हणत. ‘ड्रायव्हर’चेच ते देशी रूप. एका खेचरावर दोन मण ओझे, म्हणजे साधारण 73 किलो. 1915 मध्ये गॅलिपोलीच्या अरुंद किनाऱ्यावर हे ड्राबी आपली खेचरे व दुचाकी गाड्या घेऊन उतरले. तेथे पाणीसुद्धा जहाजांतून आणावे लागे आणि ते कड्यावरच्या खंदकांपर्यंत रात्रीच्या अंधारात खेचरांच्या पाठीवरून चढे. दिवसा वाट तुर्कांच्या तोफांच्या दृष्टीत असे. वाटेत खेचर कोसळले तर ओझे उतरून दुसऱ्यावर लादावयाचे आणि पुढे चालावयाचे. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

नेमकी येथेच पदकांच्या नियमांची अडचण होते. शौर्यपदकाला एक कृती लागते, एक तारीख लागते आणि पाहणारा अधिकारी लागतो. ड्राबीचे शौर्य दोनशे रात्रींत वाटलेले असते आणि काळोखात घडते. त्याच्या कोणत्या रात्रीला पदक द्यावयाचे? इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल रणभूमीवरील बिनलढाऊ हिंदी माणसांना देण्याची मुभा झाली ती 1917 मध्ये, युद्ध सुरू होऊन तीन वर्षे उलटल्यावर.

त्या युद्धात केवळ वाहन हाकण्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाल्याचे एक उदाहरण आहे, म्हणून ते सांगतो. 9 एप्रिल 1918 रोजी फ्रान्समध्ये बेथ्यूनजवळ जर्मन हल्ल्यामुळे जखमींना मागे आणण्याचा रस्ता बंद पडला. आर्मी सर्व्हिस कोअरचा खाजगी शिपाई रिचर्ड मास्टर्स याने आपली रुग्णवाहिका स्वतःहून पुढे काढली, मोडतोड बाजूला सारून वाट केली आणि गोळीबारातून खेपांमागून खेपा केल्या. त्या भागातील बहुतेक जखमी त्या एकट्याने बाहेर आणले. एकाच दिवसाच्या खेपा असल्यामुळे त्या मोजता आल्या, असे मला वाटते.

आता कुत-अल-अमाराविषयी. मराठी वाचकाला हे नाव परके नसावे, कारण 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी तेथे अडकल्या होत्या. वेढा 7 डिसेंबर 1915 रोजी पडला आणि 29 एप्रिल 1916 रोजी जनरल टाऊनशेंडने शरणागती पत्करली. ते शस्त्रांपेक्षा उपाशीपणाचे युद्ध होते. गावात जव व गहू सापडले, पण दळावे कशावर? तेव्हा जात्याचे दगड विमानातून खाली टाकण्यात आले. विमानातून सैन्याला अन्न पुरविण्याचा जगातील पहिला मोठा प्रयत्न याच एप्रिलमध्ये झाला, आणि तो तोकडा पडला. अखेरीस तोफांचे घोडे व वाहतुकीची खेचरे कापली जाऊ लागली. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते मांस नाकारले. धर्माचार्यांचे अनुमतीचे निरोप मागवून घेतले, तरीही पुष्कळांनी फार उशिरापर्यंत हात लावला नाही. घरी परतल्यावर जातीत काय तोंड दाखवावयाचे, ही चिंता होती. ज्या ड्राबीने खेचर पोसले त्याच्यापुढे तर हा प्रश्न दुहेरी असणार.

शेवटचा प्रयत्न म्हणून 24 एप्रिलच्या रात्री ‘जुल्नार’ ही आगबोट 270 टन सामग्री घेऊन टायग्रिसमधून वर निघाली. खलाशी सारे स्वेच्छेने आलेले. तुर्कांनी नदीत ताणलेल्या तारेत ती अडकली व काठाला लागली. लेफ्टनंट फर्मन मारला गेला. नदीची खडान्‌खडा माहिती असलेला काउली पकडला गेला व त्यानंतर जिवंत परतला नाही. दोघांनाही 1917 मध्ये मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. धान्य पोचले नाही, पदक पोचले. मला यात काही अयोग्य वाटत नाही. फसलेला प्रयत्नही शूरच असतो. फक्त इतकेच की त्याच वेढ्यात पाच महिने शिधा तोलून वाटणाऱ्यांची गणना कैद्यांच्या संख्येत झाली, आणि त्या कैद्यांपैकी फार मोठा भाग वाळवंटातल्या कूचात व मजुरीत संपला.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी गंमत अशी झाली की ब्रिटिश सैन्य पूर्णपणे मोटारींवर बसले होते आणि फ्रान्सच्या चिखलात त्याला जनावरांची आठवण झाली. मग ‘फोर्स के-6’ या नावाने चार हिंदी खेचर कंपन्या मुंबईहून निघाल्या व 26 डिसेंबर 1939 रोजी मार्सेयला उतरल्या. मे 1940 मध्ये डंकर्कच्या वाटेवर त्यांच्यावर जमिनीवरून तोफा व आकाशातून बाँब कोसळले. जमादार मौला दाद खान याने आपली माणसे व जनावरे त्या गोंधळात गोळा केली, रस्त्यावरून हलवून आडोशाला नेली आणि एकही माणूस वा खेचर न गमावता तुकडी बाहेर काढली. त्याला इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल मिळाले. माणसे बोटींतून इंग्लंडला पोचली; खेचरे फ्रान्समध्येच सोडावी लागली. 22 क्रमांकाची कंपनी मात्र दुसऱ्या आघाडीवर होती, ती जर्मनांच्या हाती सापडली.

स्वातंत्र्यानंतर 26 जानेवारी 1950 रोजी परमवीर, महावीर व वीर ही चक्रे स्थापन झाली, तेव्हा नियमावलीने जुना भेद काढून टाकला. सैन्याच्या आज्ञेखाली काम करणारे मुलकी नागरिक, स्त्री असो वा पुरुष, त्यांनाही पात्र ठरविण्यात आले. कागदावर का होईना, बाजारबुणगा संपला. खेचरांचीही दखल पुढे घेतली गेली. 1962 पासून सेवेत असलेल्या ‘पेडोंगी’ या खेचरीला 1992 मध्ये आर्मी सर्व्हिस कोअरने समारंभपूर्वक निळी मखमली झूल घातली.

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील जुन्या घरांतून अशी पदके अजून पेटीच्या तळाशी असतात. आपल्या विद्यार्थ्यांना एक सांगावेसे वाटते. पदकावरचा राजाचा मुखवटा पाहून ते ठेवून देऊ नका. त्याची कड उजेडात धरा. जुन्या मोहीम-पदकांच्या कडेवर बहुधा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. धातू ब्राँझचा असेल आणि हुद्द्याच्या जागी ‘ड्रायव्हर’ असे लिहिलेले आढळले, तर ती अक्षरे वहीत उतरून घ्या व शाळेत आणून दाखवा.