हवापालट, आठ किलोमीटरवर

'हवापालट' हा शब्द आता जवळजवळ मोडीत निघालाय. आपण 'वीकेंड ट्रिप' म्हणतो आणि घाटातल्या ट्रॅफिकमध्ये बसून, आणखी दमून परत येतो. पण या जुन्या शब्दाची एक मस्त गोष्ट पवनारला घडली होती.

साल १९३८. विनोबा भावे तेव्हा वर्ध्याजवळ नालवाडीला राहत. कामाच्या रगाड्यात प्रकृती पार खंगलेली, वजन ८८ पौंड, म्हणजे जेमतेम ४० किलो! गांधीजींनी हवापालटाचा आग्रह धरला, थंड हवेची ठिकाणं सुचवली. विनोबांनी निवडलं काय, तर पवनार. वर्ध्याहून आठेक किलोमीटर. तिथे धाम नदीकाठी जमनालाल बजाजांचा बंगला रिकामा होता. तेही मार्चमध्ये, वैदर्भीय उन्हाळा तोंडावर असताना! गांधीजींना मात्र हे पटलं. गरिबाला कुठे लांब जायला परवडतं? अट एकच, आश्रमाच्या काळज्या मागे ठेवायच्या.

धामचा पूल ओलांडताना विनोबांनी मनाशी तीनदा म्हटलं, सगळं सोडलं. मग रोज शेतात खणायचं, आधी थोडा वेळ, मग हळूहळू वाढवत. काही महिन्यांत वजन १२८ पौंडांवर गेलं. (खणताना भरत-राम भेटीचं एक प्राचीन शिल्पही सापडलं, ते वेगळंच.)

१९८४ मध्ये रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, कडक वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. आणि ते तर नुसते बघत होते!

अर्थात, विनोबांना बरं नेमकं कशाने वाटलं, नदीने, मातीने की काळजी सोडल्याने, हे वेगळं काढता येणार नाही. पण तिन्ही गोष्टी एकत्र जमल्या त्या जागा जवळ होती म्हणून. रोज फावडं हातात घेता आलं म्हणून. वर्षातून चार दिवस डोंगरावर जाऊन हे होत नाही.

शहरात आपलं पवनार म्हणजे कोपऱ्यावरची बाग. तिथलं उद्यानाचं आरक्षण उठलं की पेपरात चार ओळींची बातमी येते, आणि आपण पान उलटतो. खरं तर गल्लीतला दवाखाना बंद पडलेला असतो.

असो. बाग अजून शाबूत असेल तर आज संध्याकाळी चक्कर मारून या. आणि हो, फाटकातून आत शिरताना ऑफिस बाहेर ठेवा!